शेलदुर्गाचे खाजण

शेलदुर्गाच्या पूर्व तटावर उजाडले, तेव्हा खाडीवरचे धुके विरत होते आणि खाजणापलीकडे बैल जुंपलेल्या विजापुरी तोफा एकेक करून स्पष्ट होत होत्या. बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेले, भात कापलेले खाजण कोरडे ठणठणीत होते. ते ओलांडून तोफा तटासमोरच्या टेकाडावर चढल्या, की तट कोसळणार हे उघड होते.

वेंगुर्ल्याच्या वलंदेजी म्हणजे डच वखारीत दुभाषी म्हणून आयुष्य घालवलेला अंतोबा शेणवी सदरेवर मुजरा करून एकच उपाय तिसऱ्यांदा सुचवत होता.

"सरकार, वलंदेजांचा मुलूख चिमुकला, समुद्राच्या पातळीहून सखल. राजा नाही, शहरोशहरच्या व्यापाऱ्यांची सभा कारभार पाहते. मासे खारवून विकले, परक्यांच्या लाकडाची गलबते बांधली आणि बलाढ्य पातशहाशी ऐंशी वर्षे झुंजले. गनीम दाराशी आला की बांध फोडून आपलीच शेते बुडवतात. पाणी गलबताला उथळ, तोफेला खोल."

"म्हणजे बेडकांचं राज्य म्हणा की, शेणवीबाबा!" किल्लेदार सुभानराव दळवी खदखदून हसले.

"आणि बुडाल्या शेताचा सारा बेडूक भरणार?" दिवाणजींनी विचारले.

"तिथे बांध साऱ्यांचा असतो, दिवाणजी."

"इथे बांधाला हात लावाल, तर मान राहणार नाही," किल्लेदार म्हणाले.

अमावास्या होती; उधाण दुपारी चढणार होते. समजावणे सोडून अंतोबा गड उतरला. बांधाच्या उघाडीशी, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळीच्या दाराशी, ते खाजण कसणारा सोमा गावडा कोयता घेऊन बसला होता.

"बाबा, जमीन माझी आहे. खारं पाणी शिरलं, तर तीन पावसाळे दाणा यायचा नाही."

"ठाऊक आहे. तुझी बायकामाणसे गडावर आहेत, तेही ठाऊक आहे."

अंतोबाने फळीचे एक टोक धरले. सोमाने तोफांकडे पाहून कोयता खाली ठेवला. मग त्यानेच फळीचे दुसरे टोक धरले.

उधाण घुसले, बांधालाही खिंडार पडले. निम्म्या खाजणात आलेल्या तोफा आसापर्यंत रुतल्या. दोर कापून बैल सोडवता सोडवता गनिमाचा दिवस मावळला आणि तोफा चिखलातच टाकून फौज परतली.

सदरेवर दिवाणजींनी पेच मांडला. बांध माणसाने फोडला असेल, तर त्याला शिक्षा द्यावी लागेल किंवा कुळाला भरपाई. गडावरच्या देवीने फोडला असेल, तर दोन्ही टळते.

"सरकार, फळी मी उचलली," अंतोबा म्हणाला.

"मान प्यारी असेल, तर फळी देवीने उचलली," किल्लेदार म्हणाले. देवळाला नवा कळस मंजूर झाला.

"आणि बांध?" अंतोबाने विचारले.

"देवीने आणलेलं पाणी देवी नेईल," किल्लेदार उत्तरले.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला धोतर खोचून अंतोबा चिखलात उतरला. सोमा एकटाच खिंडारात माती टाकत होता.

"तुम्ही कशाला आलात? देवीला धाडायचं होतं."

अंतोबाने मातीची टोपली उचलली. पाणी भरतीकडे वळायला लागले होते आणि खिंडार अर्धेअधिक उघडेच होते.