बटरला म्हशीची हाक

गच्चीवर वाळत घातलेले सांडगे. सकाळी ताटभर, दुपारी निम्मे.

पाडवा होऊन गेला तरी एका म्हशीच्या शिंगांवर गुलाबी रंग तसाच.

"रविवारपतोर बघते. न्हाईतर कोडोलीला."

ताज्या दुधाचा फेस मिशीला लागतो. मिशी नसली तरी लागतो.

मूठ. बंद.

*

दार उघडं दिसलं की माझा कुत्रा पळतो. त्या संध्याकाळीही पळाला. शुक्रवार पेठेतून गंगावेशीपर्यंत मी "बटर! बटर!" करत मागे... एका पायात चप्पल, दुसरी कुठं राहिली ठाऊक नाही.

दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या होत्या. लोक पेले घेऊन धारेची वाट बघत होते. आणि गुलाबी शिंगांच्या म्हशीशेजारी बटर – सांडलेला फेस चाटत, अगदी घरच्यासारखा.

"कुत्रं तुमचं व्हय?" धार काढणारा वर न बघता म्हणाला.

"हो. बटर! ये इकडे! ये म्हणते ना!"

बटर आणखी लांब सरकला.

"नावानं हाक मारली की पळतंय की ते."

"मग काय आडनावानं मारू?"

आता त्यानं वर बघितलं. हसला. माझ्या चपलेकडे बघितलं – एकच होती – आणि हसू गिळलं. काठोकाठ भरलेला पेला पुढे केला.

"घ्या. दम लागलाय तुम्हाला."

तो कृष्णात. आमच्या मागच्या गल्लीतला गवळी. मी संयोगिता, चष्म्याच्या दुकानात कामाला, मलकापूरहून आलेली. पेला रिकामा होईपर्यंत मी त्याला सगळं सांगून टाकलं. घरमालकीण धोंडुबाई मावशी, बटरनं फस्त केलेले त्यांचे सांडगे, त्यांनी घातलेली अट. रविवारी एका हाकेत कुत्रा परत आला तर राहील. नाहीतर कोडोलीला त्यांच्या भावाच्या मळ्यात, साखळीला. कुत्र्यासकट खोली देणारं दुसरं कुणी अख्ख्या कोल्हापुरात मला सापडलं नव्हतं.

"पाडव्याच्या शर्यतीला माझ्या म्हशी बुलेट गाडीमागनं बिनदाव्याच्या पळत्यात," कृष्णात म्हणाला. "कुत्रं म्हंजे काय... बारकी म्हसच की."

*

*मूठ*

मुठीत खारी बिस्किटाचा तुकडा. कुत्रा हुंगणार, ओरबाडणार, रडणार. मूठ उघडायची नाही. तो आपणहून मागे सरला की – उघडायची.

"चहाला उकळी येस्तोवरच खेळायचं," दुसऱ्या संध्याकाळी माझ्या खोलीवर येऊन कृष्णातनं गॅस पेटवला. "लांबवलं की त्याची शाळा होती. मग कुणाला आवडंल?"

जिन्यात धोंडुबाई मावशी लसूण सोलत बसल्या होत्या. लसणाकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"लई आवळू नका मूठ. आत काय तरी हाय, हे कळू दे त्याला." त्यानं माझी बोटं जराशी सैल केली. हाताला दुधाचा वास. "हां. आता थांबायचं."

"कुणी?"

"...कुत्र्यानं."

जिन्यातून मावशी खोकल्या.

*

*लपंडाव*

तो बटरला धरून ठेवणार, मी दाराआड लपून हाक मारणार. सापडले की खारी.

"पर ‘बटर’ न्हाय म्हणायचं. दिवसभर त्येच ऐकतंय बिचारं. बटर सोड, बटर नको, बटर खाली उतर! त्याला वाटतंय नाव म्हंजे शिवी. नवी हाक घ्या."

"कुठली?"

त्यानं थोडा विचार केला. मग तोंडाभोवती दोन्ही हात धरले –

"ह्योऽऽऽ हौ!"

मांडणीवरची भांडी वाजली. जिन्यात लसूण सांडला.

"आमच्या घरची हाय. आज्ज्यापासनं."

"ही म्हशींची हाक आहे!"

"त्याला कुठं ठाव हाय?"

मी मारून बघितली. चिमणीसारखा आवाज निघाला.

"पोटातनं! दुकानात सराव करा. आवाज मोबाइलवर पाठवा, मी सांगतो बरूबर हाय का."

मग मी रोज जेवणाच्या सुट्टीत दुकानाच्या मागच्या बोळात उभी राहून ओरडायचे आणि त्याला पाठवायचे. त्याचं उत्तर यायचं – "अजून." दुसऱ्या दिवशी – "अजून." मग एकदा – "आता मीच पळत आलो असतो."

*

(एके दिवशी चहा आटून काळा झाला. बटर कधीच झोपला होता. खेळ संपला होता. आम्ही दोघं ओट्याशी उभे होतो आणि गॅस बंद करायचं कुणाच्याच... जाऊ दे.)

*

रविवार. कृष्णात मागच्या गल्लीत, गोठ्यात धारांमध्ये अडकलेला. मी एकटी.

मावशींनी फाटक उघडलं. बटर सुटला तो थेट कोपऱ्याच्या पलीकडे, दिसेनासा.

"हां, मार हाक. एकच."

मी तोंडाभोवती हात धरले. त्या क्षणी मला खरंच वाटलं की गेला. आता मळा, साखळी...

"ह्योऽऽऽ हौ!"

काही नाही.

काही नाही.

मग जमीन हलायला लागली.

कोपऱ्यावरून बटर आला – कान उडवत, जीभ वाऱ्यावर. त्याच्या मागे गुलाबी शिंगं. त्यामागे आणखी म्हशी. गल्ली भरली! मावशी जिन्याच्या वरच्या पायरीवर पोचल्या, कशा ते त्यांनाच माहीत. बटर माझ्या पायाशी येऊन बसला. म्हैस आपलं ओलं नाक माझ्या ओढणीला पुसत उभी राहिली.

"र्‍हाऊ दे कुत्रं!" वरून मावशी ओरडल्या. "व्हय, र्‍हाऊ दे! पर ह्या म्हसरांस्नी न्या आधी!"

मी तिथंच पायरीवर बसले. बटरच्या मानेत तोंड खुपसून हसत होते की रडत होते, कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

धापा टाकत कृष्णात आला. त्याच्यामागे त्याची आई शालूबाई, हातात दावं.

"कुणी मारली हाक?"

"मी... काकू, चुकून..."

शालूबाईंनी म्हशीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सोनी परक्याच्या हाकंला मान बी हलवत न्हाय. घरच्याच आवाजाला येती." मग हळूच पोराकडे वळल्या. "किस्ना, ही पोरगी कवापासनं आपल्या घरात हाय रं? आनी मलाच कसं ठाव न्हाय?"

कृष्णातचे कान सोनीच्या शिंगांपेक्षा गुलाबी झाले.

"तू पाठवलेले आवाज..." पहिल्यांदाच ‘तू’. "धार काढताना लावत हुतो. तुझा आवाज आला की पेंड द्यायची. खेळच की."

"म्हशींना? कशासाठी?"

"म्हंजे... कधी घरात आलीस... यायचं असलं तर... त्यांनी बिचकू नये म्हणून."

शालूबाई सोनीला घेऊन निघाल्या. बटर त्यांच्या मागे चार पावलं गेला, थांबला, आमच्याकडे बघायला लागला.

"येईन," मी म्हणाले. "पण म्हशीची हाक मारायची नाही. नावानं मारायची."

"संयोगिता," तो म्हणाला. अगदी हळू. मी कुठेही पळाले नाही.

*

ज्या दिवशी मी बटरला घरी आणलं, त्या दिवशी मी मांजर आणायला गेले होते. आणि दूध कट्ट्यावर गेले होते, ते फक्त कुत्रा आणायला.