ब्याऐंशी किलोचं पार्सल

"अहो, तुमच्याकडे ब्याऐंशी किलो चारशे ग्रॅमचं एक पार्सल आहे का?"

तो तिच्याशी बोलला ते हे पहिलं वाक्य. एरवी प्रेमात पडणाऱ्यांची पहिली वाक्यं किती गोड असतात... कुणाची छत्री उलटते, कुणाचा रुमाल पडतो. इथे मात्र नायकाने मागच्या खोलीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि नायिकेला भर ऑफिसात तिचं वजन ऐकवलं. तेही ग्रॅमसकट!

तिच्या हातातलं पेन तिथल्या तिथे थांबलं. कानापासून गळ्यापर्यंत सगळं गरम झालं.

"क... कुठलं पार्सल?"

"तेच तर कळत नाहीये." त्याने एक लेबल खिडकीच्या कठड्यावर ठेवलं. "वजन झालंय, लेबल निघालंय. पत्ता नाही, आणि पार्सलही नाही."

"गिऱ्हाईक परत घेऊन गेलं असेल," ती वर न बघता म्हणाली.

"एवढं मोठं? एकट्याने उचललं तरी कसं असेल हो?"

धरणी दुभंगेल तर बरं, असं तिला वाटलं. पण पार्सल ऑफिसची फरशी चांगली मजबूत होती. रोज टनावारी माल झेलायची सवय तिला. ती कशाला दुभंगते?

घडलं होतं ते असं. तीन महिन्यांपूर्वी तिने वजन कमी करायचं मनावर घेतलं. ऑफिसच्या ग्रुप फोटोत ती काउंटरवरच्या काकांच्या मागे, निम्मी कपाटाआड उभी राहिली होती, आणि तरीही फोटोत काकांच्या दोन्ही बाजूंनी तीच दिसत होती. त्या रात्री ती खूप रडली. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसला चालत यायला लागली, चार स्टॉप. डब्यात काकडी आली, चहातली साखर गेली.

घरी बाथरूममध्ये एक वजनकाटा होता, पण तो दाराजवळ ठेवला तर एक आकडा सांगायचा आणि बादलीजवळ ठेवला तर दुसरा. शिवाय ती त्यावर उभी राहिली रे राहिली की बाहेरून आईचा आवाज यायचा, "किती गं?" ती न चुकता "पंचाहत्तर" म्हणायची. गेली दोन वर्षं ती आईसाठी पंचाहत्तरच होती.

म्हणून खरा आकडा बघायला तिने ऑफिसचा काटा धरला, जमिनीलगतचा, मोठ्या खोक्यांसाठीचा. सकाळी सव्वाआठला कुलूप उघडायचं, चपला काढायच्या, श्वास रोखून उभं राहायचं. श्वास रोखला की वजन कमी भरतं, असं तिला का वाटायचं देव जाणे. तो काटा खोटं बोलत नव्हता, हीच तर अडचण होती. चाळीस ग्रॅम वाढले तरी सांगायचा. चाळीस ग्रॅम म्हणजे काय, एक जाडसर पाकीट! पण तेवढ्यावर तिचा दिवस जायचा. मग डबा उघडायचा नाही, गिऱ्हाइकाशी नीट बोलायचं नाही, आणि संध्याकाळी 'जाऊ दे मेलं' म्हणून बसने घरी.

तिला वाटे, काउंटरवरचं बटण दाबल्याशिवाय लेबल निघत नाही. पण दोन आठवड्यांपूर्वी मागच्या खोलीत हा नवा माणूस आला होता, पार्सलं गावागावांप्रमाणे लावायला. फार कामसू. आल्याआल्या त्याने लेबलांचं मशीन असं करून ठेवलं होतं की काट्यावरचा आकडा स्थिर झाला की लेबल मागे आपोआप बाहेर पडावं. कुणाला सांगावं, एवढं काही त्याला ते मोठं वाटलं नव्हतं.

आणि त्याच्याकडे एक नव्हे, बारा लेबलं होती.

त्या दिवसापासून ती ऑफिसच्या काट्यावर चढली नाही. तो मात्र रोज खिडकीत यायला लागला.

"हे बघा," एका दुपारी तो म्हणाला. बाहेर पाऊस भुरभुरत होता. खिडकीतून तिला त्याचे हात दिसत होते... लांब बोटं, नखांना चिकटपट्टीचा डिंक. त्याने बाराही लेबलं कठड्यावर ओळीने मांडली होती. "माझी खात्री झालीय. ही बारा पार्सलं नाहीत, एकच आहे. कुणीतरी रोज आणतं, वजन करतं आणि घेऊन जातं."

"असं का वाटतं तुम्हाला?"

"कारण ते हळूहळू कमी होतंय." त्याने पहिल्या लेबलावर बोट ठेवलं. "त्र्याऐंशी किलो नऊशे. आणि शेवटचं ब्याऐंशी चारशे. बारा दिवसांत दीड किलो! ओलं सामान असणार, सुकत चाललंय."

ओलं सामान! तिला हसावं की रडावं कळेना.

"पण... मधे वाढलंय ना?" तिने हळूच विचारलं. "इथे बघा. आणि इथे."

"ते होणारच हो. हवा दमट असेल त्या दिवशी. एकेक लेबल बघत बसलात तर डोकं फिरेल. ओळ बघा ना, ओळ. खालीच चाललीय की!"

ती त्या ओळीकडे बघत राहिली. बारा सकाळी ती या आकड्यांपुढे उभी राहिली होती. त्यातल्या पाच सकाळी तिने स्वतःला नको नको ते बोलून घेतलं होतं. आणि कमी झालं होतं... दीड किलो! ज्याला काही माहीत नव्हतं, त्याने तिला हे सांगितलं होतं. आनंद झाला, आणि त्याच्या पाठोपाठ लाजही आली. हे आकडे त्याच्या बोटाखाली होते. माणसाने कुणाच्या तरी बोटाखाली असावं तर ते असं?

"तुम्ही गप्प का झालात?" त्याने वाकून खिडकीतून पाहिलं. डोळे तपकिरी होते, भलतेच प्रामाणिक.

"काही नाही... तुम्ही फार विचार करता पार्सलांचा."

"पार्सलांचा नाही हो," तो म्हणाला, मग गडबडला. "म्हणजे... पार्सलाच्या निमित्ताने इथे यायला मिळतं ना."

खिडकी धाडकन बंद झाली. ती कितीतरी वेळ त्या बंद खिडकीकडे बघून हसत होती.

पण दोनच दिवसांनी त्याचं येणं थांबलं. खिडकीतून पार्सलं सरकवायचा, "हे घ्या" म्हणायचा, बस्स. नजरेला नजर द्यायचा नाही. तिला वाटलं, कळलं याला. कुणी सांगितलं, कसं कळलं, ठाऊक नाही... पण कळलं, आणि आता याला माझी किळस आलीय. घरी बाथरूमच्या काट्यावर ती तीनदा चढली. तीन आकडे आले, तिन्ही वाईट. बाहेरून आईने विचारलं, "किती गं?" तर तिने नळ मोठा सोडला.

मग शुक्रवारी काकांनी चहा पिता पिता बातमी दिली.

"मागचा पोरगा गोत्यात आलाय बघ. पार्सल हरवलं म्हणून सोमवारीच वर कळवून बसलाय. नियमाप्रमाणे केलं बिचाऱ्याने. पण आता उद्या तपासणीच्या बाई येतायत. एवढं धूड सापडलं नाही तर कशाला ठेवतील? अजून कायम कुठे झालाय तो!"

तिचा चहा गार झाला. त्या दुपारी ती तीनदा उठून खिडकीपाशी गेली. पहिल्यांदा म्हणाली, "चिकटपट्टी आहे का?" दुसऱ्यांदाही चिकटपट्टीच मागितली. तिसऱ्यांदा त्यानेच न विचारता चिकटपट्टी दिली, आणि ती तीन रिळं घेऊन जागेवर येऊन बसली. एक वाक्य बोलायचं होतं, 'ते पार्सल मी आहे.' चार शब्द! पण ते सांगितलं की आकडाही सांगितल्यासारखाच. जो आईला माहीत नाही, तो या एका माणसाला... आणि नेमका यालाच?

स्वतःची तिला इतकी लाज कधीच वाटली नव्हती. शरीराची तर नेहमीचीच. ही नवी होती. आपल्या अब्रूपायी दुसऱ्याची नोकरी जातेय आणि आपण चिकटपट्टी मागतोय!

शनिवारी जेवणाच्या सुट्टीनंतर बाई आल्या. किरकोळ बांधा, जाड भिंगांचा चष्मा. काटा, मशीन, सगळं बघून झाल्यावर त्यांनी त्याला बाहेर बोलावलं. काका उभे होते, गाडीचा ड्रायव्हर दारात टेकला होता, काउंटरपुढे दोन गिऱ्हाइकं.

"बारा वेळा वजन झालेलं पार्सल," बाई म्हणाल्या. "कुठे आहे?"

तो खाली बघत होता. "पार्सल नव्हतंच, मॅडम. मशीन लावताना मीच चाचणी म्हणून गोण्या ठेवल्या होत्या. लेबलं तशीच राहिली, आणि मीच विसरून तक्रार केली. चूक माझी आहे."

तिने चमकून पाहिलं. मशीन लावलं ते एकाच दिवसात. बारा दिवस कसली चाचणी? हा खोटं बोलतोय... याला माहीत आहे. माहीत असून हा गोण्यांचं नाव घेतोय!

"म्हणजे खोटी तक्रार?" बाईंनी पेन उघडलं. "याचा परिणाम ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"हो."

मान खाली, आणि एवढंच... "हो."

ती उठली. खुर्ची मागे सरकली तिचा केवढा आवाज झाला! काउंटरची फळी वर करून ती बाहेर आली. सगळ्यांच्या देखत तिने चपला काढल्या आणि काट्यावर उभी राहिली.

मग मागच्या खोलीत मशीन घरघरलं.

"आणा ते," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना.

तो जागचा हलला नाही. शेवटी काका जाऊन लेबल घेऊन आले, बाईंच्या हातात दिलं आणि पटकन छताकडे बघायला लागले.

"ब्याऐंशी किलो सातशे," बाईंनी मोठ्याने वाचलं.

तीनशे ग्रॅम वाढले होते. एवढं चालून, एवढ्या काकड्या खाऊन! एरवी ती इथेच कोसळली असती. आताही डोळे भरून आले, लाजेने अंग नुसतं पेटलं होतं. पण ती उतरली नाही.

"पार्सल मीच आहे, मॅडम. रोज सकाळी मी वजन करत होते. यांचा काही दोष नाही. मला... सांगायची लाज वाटली."

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "जेवून झालंय ना तुमचं?"

"हो."

"मग जेवणानंतरचा आकडा कशाला मनावर घेता?" त्यांनी लेबलाची घडी करून तिच्या हातात ठेवली. "तक्रार रद्द. ऑफिसचा काटा खासगी कामासाठी वापरलात म्हणून तुम्हाला लेखी ताकीद मिळेल. उतरा आता, गिऱ्हाइकं थांबलीयत."

ड्रायव्हर हसेल असं तिला वाटलं होतं. तो खोकी उचलायला केव्हाच निघून गेला होता. पुढचं गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, हे उद्या पोचेल ना?" जगाला तिच्या आकड्याशी फारसं कर्तव्य नव्हतं. इतकी वर्षं तिने तो कुणापासून लपवला होता?

ऑफिस बंद करायच्या वेळी तो आला. खिडकीत नाही, पुढच्या बाजूने, समोर.

"तुम्हाला कधी कळलं?" तिने विचारलं.

"बुधवारी. तक्रार गेली होती तोवर. डोक्यात आलं, ज्या दिवशी मी तुम्हाला विचारलं त्या दिवसापासून लेबल येणं बंद झालं..." तो बुटांकडे बघत होता. "मग फार लाज वाटली मला. तुमच्याकडे बघायचं धाडस होईना."

"तुम्हाला? तुम्हाला कसली लाज?"

"अहो, ओलं सामान म्हणालो मी तुम्हाला! तोंडावर!"

ती हसली. इतकी हसली की डोळे पुसावे लागले. तोही हसला.

"मला सांगितलं का नाहीत?"

"ती तुमची गोष्ट होती. मी कोण सांगणारा?"

"नोकरी गेली असती."

"गेली असती," तो म्हणाला. "दुसरी बघितली असती. पण तुम्ही त्या काट्यावर... सगळ्यांसमोर... माझ्यामुळे..." त्याने श्वास घेतला. "मला तुम्ही आवडता. लेबलांबद्दल विचारलं त्याच्याही आधीपासून. खिडकीतून तुमचा आवाज यायचा ना... म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना पत्ता लिहून द्यायचात, तेव्हापासून."

"आकडा माहीत असून?"

"आकडा काय घेऊन बसलात! तेरा माहीत आहेत."

तिने त्याच्या दंडावर एक चापट दिली. आपण हे काय केलं, म्हणून लगेच हात मागेही घेतला... पण त्याने तो धरला होता. डिंकाने चिकट झालेली बोटं. सुटायची चिन्हं नव्हती, आणि तिलाही घाई नव्हती.

"चार स्टॉप चालत जाता ना?" त्याने विचारलं. "मी येऊ?"

"तीनशे ग्रॅम वाढलेत. आज तर जायलाच हवं."

"वाढले नसते तर?"

"तरी," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

दारात दोघं एकदमच पोचले. दार अरुंद होतं. तो बाजूला झाला. "व्हा पुढे."

ती थबकली. ती कधीच कुणाच्या पुढे चालत नसे. जिन्यात, दारात, रस्त्यात ती 'तुम्ही व्हा, आलेच मी' म्हणायची आणि सगळे गेल्यावर निघायची. मागून कुणी आपल्याला बघावं, ही कल्पनाच तिला सोसत नसे. आताही "तुम्ही व्हा" ओठांवर आलं होतं. टॉपची मागची कड खाली ओढायला हातही निघाला होता.

तो हात तिने तसाच खाली सोडला.

"लवकर या," ती म्हणाली, आणि त्याच्या पुढे होऊन, पाठ वळवून, रस्त्याने चालू लागली.