गुरुजींची संख्या आणि तेराचा पाढा

काही संख्या अमर असतात. कोडोलीच्या शाळेसाठी काळ्या दगडावर कोरलेली अशी एक संख्या दिवाळीच्या सुट्टीत, दुपारी सव्वा वाजता, सातवीतल्या निशिगंधानं तेरानं भागली. बाकी शून्य!

"परत भाग," तिचा वर्गमित्र यशराज म्हणाला.

"तीनदा भागलंय! ४७,९०,०१,६०१ भागिले तेरा. आलेलं उत्तर पुन्हा तेरानं भागलं, तरी बाकी शून्यच!"

ही मूळ संख्या असायला हवी होती. म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच भाग जाता कामा नये. निवृत्त सयाजी गुरुजींनी ते हातानं सिद्ध केलं होतं. चोवीसशेवर भागाकार, अकरा वह्या आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उद्या सकाळी त्यांच्या सत्कारात या दगडी पाटीचं अनावरण होतं.

"उद्या कुणी भागून बघितलं तर?"

"गुरुजींची सगळी अब्रू जाईल की!"

दोघं धावत गुरुजींच्या घरी गेले. "गुरुजी, शेवटची वही बघू?"

वहीत होतं, ४७,९०,०१,५९९!

"एक ते बारा एकमेकांनी गुणायचे, अन् एक वजा करायचा," गुरुजी म्हणाले. "दगडावर कोरलीय ते बरं झालं. दिसत नाही, पण बोटांनी वाचता येईल."

गुरुजींना काही न सांगता दोघं पाटी कोरणाऱ्या गुंडू पाथरवटाकडे निघाले.

"कागदावर हाय तेच कोरलंय, पोरांनो," गुंडू म्हणाला. कागदावर ५९९ खोडून निळ्या शाईत ६०१ केलं होतं. अक्षर सत्कार समितीचे अध्यक्ष दादासो यांचं!

"पाचशे नव्याण्णव?" दादासो गरजले. "चपलेच्या दुकानातली किंमत वाटती! शुभकार्याला वर एक पायजे. आहेर काय पाचशे नव्याण्णवचा करत्यात व्हय? गुरुजींचा मान वाढवला की मी!"

"पण काका, आता तिला भाग जातो!"

"कोण बघतंय भागून? पळा!"

निशिगंधा दारातून वळली. "बरं काका. फक्त कशानं जातो तेवढं ऐका. तेरानं."

"मग?"

"दोनदा," यशराज गंभीरपणे म्हणाला. "तेराव्याचा आकडा, काका. अन् त्याच्या बरोब्बर खाली तुमचं नाव!"

दादासोंनी पाटीवरचं आपलं नाव आठवलं.

"गुंडूला बोलवा! आत्ताच्या आत्ता!"

गुंडूनं दगड उलटा केला आणि अंधार पडायच्या आत मागच्या बाजूला सगळं नव्यानं कोरलं.

सकाळी गुरुजींची बोटं पाटीवरून सावकाश सरकली. शेवटच्या दोन नवांवर थांबली.

"बरोबर," ते म्हणाले.

"ह्या पोरांनी गावाची लाज राखली!" दादासो माईकवर म्हणाले. लाज कुणामुळे जाणार होती, ते त्यांनी सांगितलं नाही.

पण गुरुजींची बोटं पाटीच्या मागूनही फिरली होती; ६०१ लागताच त्यांना सगळं कळलं होतं. "तेरानं भागलंत? माझ्या पहिल्या वहीतला सहावा भागाकार तो," ते म्हणाले आणि दोघांच्या डोक्यावर हात ठेवला.

पाटी आता शाळेच्या व्हरांड्यात आहे. तिच्याखाली मुलं चपला काढतात.