खंडेनवमीला घासलेली तबकडी

खंडेनवमीची पूजा आटोपली आणि आबांची जुनी जीप घाटाकडे निघाली. गावाबाहेरच्या पहिल्याच वळणावर ब्रेक असा काही किंचाळला, की तारेवरचे कावळे भुर्रकन उडाले!

शेजारी बसलेल्या त्यांच्या नातीने, चार्वीने, दचकून सीट घट्ट धरली. आपोआप, बिनआवाज धावणाऱ्या गाड्यांच्या काळात हाताने चालवायची ही एकच जीप तालुक्यात उरली होती. आज घाटात तपासणी होती. ब्रेक नापास झाला, की जीप थेट भंगारात.

"आबा, असं कसं? मी तर पूजेसाठी चाकांतल्या ब्रेकच्या तबकड्यासुद्धा पॉलिश कागदाने घासल्या. सगळं काळं काढून टाकलं!"

आबांनी जीप कडेला घेतली आणि कपाळावर हात मारला. उभं आयुष्य त्यांनी ब्रेकच्या प्रयोगशाळेत काढलं होतं.

"अगं बाई माझे, तो मळ नव्हता! तबकडीला दाबून धरणाऱ्या ब्रेकच्या पट्टीत ग्रॅफाइट असतं, तुझ्या पेन्सिलीतलंच. ते घन वंगण (कोरडं राहूनच घर्षण कमी करणारा पदार्थ)."

"ब्रेकमध्ये वंगण? मग गाडी घसरायची नाही का?"

"नुसतं तेच असतं तर घसरलीच असती. पण पट्टीत पकड घेणारे कठीण कणही असतात. ग्रॅफाइटचे थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकमेकांवरून सरकतात, त्यांचा पातळ लेप तबकडीवर बसतो. मग पकड एकसारखी राहते आणि झीज (घासून पदार्थ कमी होणं) मंदावते. ग्रॅफाइट फार झालं तर पकड सैल, कमी पडलं तर पट्टी लवकर संपते. तू नेमका तो लेपच पुसलास."

चार्वीचे डोळे भरून आले. "मग आता?"

"आता परत चढवू. रडतेस काय!"

सपाट रस्त्यावर आबा जीप पळवायचे, हलकेच ब्रेक दाबायचे, थोडं थंड होऊ द्यायचे, पुन्हा दाबायचे. हळूहळू किंकाळीची कुरकुर झाली. मग तीही थांबली.

घाटाच्या उतारावर जीप अलगद उभी राहिली. तपासनीस यंत्रमानवाच्या छातीवर हिरवा दिवा लागला. चार्वीने टाळ्या पिटल्या, पण आबा उताराकडेच बघत होते.

"इथेच तुझी आजी माझा दंड घट्ट धरायची," ते म्हणाले. "'अहो, हळू!' म्हणायची. तिची भीती जावी म्हणून मी ग्रॅफाइटचं प्रमाण बदलत बसलो. भीती गेली गं, दंड धरायची सवय मात्र शेवटपर्यंत गेली नाही. फार आठवण येते तिची."

चार्वी हळूच म्हणाली, "आबा, चंद्रावरच्या गाडीलाही हेच ग्रॅफाइट चालेल?"

"छे! तिथे हवा नाही. हवेतला ओलावा नसला, की ग्रॅफाइट रुसतं. तिथे दुसरं घन वंगण हवं."

"मी बनवीन!"

"बनव की," आबांनी डोळे पुसले. "पण शेजारी कोणाला बसवायचंय, ते आधी ठरव. मग आपोआप चांगलं बनतं."