कोऱ्या वाटीतला मणी

रात्र नव्हती, हे आधीच सांगायला हवं.

दुपारचे सव्वातीन वाजले होते. सोळा जानेवारी २०२४, मंगळवार. बाहेर लख्ख ऊन होतं.

हे घडलेलं आहे. जिच्या बाबतीत घडलं ती भावना म्हात्रे आजही डोंबिवली पूर्वेला मानपाडा गावात, आईबरोबर राहते. हे बाहेरच्या कोणाला सांगायला तिला वर्ष लागलं. कंपनीचं नाव ती अजूनही सांगत नाही.

कंपनी म्हणजे एमआयडीसीतला एक गाळा. सोनारांच्या कारखान्यांतली झाडलोटीचा कचरा इथे गोण्यांतून यायचा. पॉलिशची धूळ, झिजलेले ब्रश, कारागिरांची पायपुसणीसुद्धा. ते जाळायचं, दळायचं, वितळवायचं आणि त्यातून सोनं काढायचं. कोणत्या गोणीत किती सोनं आहे हे आधी तपासून सांगणं, हे भावनाचं काम. एमएस्सी झालेली, हात स्वच्छ, नजर त्याहून स्वच्छ.

पुस्तकातले इंग्रजी शब्द कामगारांना कळायचे नाहीत, म्हणून तिने भिंतीवर फळा लावला होता. क्रुसिबल म्हणजे मूस. स्लॅग म्हणजे मळी. कपेल म्हणजे वाटी. ब्लँक म्हणजे कोरी.

काम तसं सोपं. धुळीचा नमुना शिशाच्या भुकटीत आणि टाकणखारात कालवून मुशीत वितळवायचा. वर मळी तरंगते, खाली शिशाची गोळी बसते. सोनं त्या गोळीत. मग ती गोळी हाडांच्या राखेच्या छोट्या वाटीत ठेवून भट्टीत सारायची. वाटी शिसं पिऊन टाकते. शेवटी तळाला उरतो तो मणी.

आणि रोज एक मूस कोरी ठेवायची. तिच्यात सगळी रसायनं, पण धूळ नाही. आपली रसायनं स्वच्छ आहेत ना, ते बघायला. कोरीच्या वाटीत शेवटी काहीच उरायला नको.

त्या मंगळवारी भावनाने चिमट्याने कोरीची वाटी बाहेर काढली.

आत मणी होता.

पिवळा. चकचकीत.

तिला वाटलं, वाट्यांची अदलाबदल झाली. तिने सगळे नंबर तपासले. बरोबर होते. मणी काट्यावर ठेवला. दोनशे चौदा मिलिग्रॅम.

बुधवारी तिने मूस नवी घेतली, रसायनांचे डबे नवे फोडले.

कोरीत मणी... दोनशे चौदा.

गुरुवारी भट्टी आतून घासून घेतली.

दोनशे चौदा.

चूक असती तर आकडा हलला असता. कधी कमी, कधी जास्त. हा हलत नव्हता. म्हणजे कोणीतरी मोजून टाकत होतं.

खाणीच्या धंद्यात याला एक शब्द आहे, सॉल्टिंग. नमुन्यात लबाडीने बाहेरचं सोनं मिसळलं की म्हणतात, मीठ टाकलं. भावनाच्या आजोबांची हयात खाडीकाठच्या मिठागरात गेलेली. कॉलेजात हा शब्द वाचून तिला हसू आलं होतं.

आता येत नव्हतं.

भट्टीजवळ दोनच माणसं असायची. ती आणि रवींद्र. रवींद्र भट्टीवाला, दिव्याहून यायचा. चांगला माणूस. पण सोनं पाहिलं की कोणाच्या मनात काय येईल, काय सांगावं?

शुक्रवारी तिने वाटीच्या बुडाला पेन्सिलीने खूण केली आणि भट्टीसमोर स्टूल टाकून बसली. रवींद्रला म्हणाली, "आज तुम्ही लांब राहा. मी बघते."

रवींद्रच्या लक्षात आलं. "माझ्यावर डाउट आहे का मॅडम?"

"तसं नाही हो."

"तसंच आहे. बोला ना सरळ." तो हातमोजे टाकून बाहेर निघून गेला.

भट्टीचा दरवाजा बंद होता. आत वाट्या लाल झालेल्या. गाळ्यात तिच्याशिवाय कोणी नव्हतं.

तेवढ्यात आवाज आला...

"हं..."

तिने मागे पाहिलं. कोणी नव्हतं.

"हं... हं..."

ओठ घट्ट मिटलेला माणूस बोलायचा प्रयत्न करतो ना, तसा. आवाज भट्टीच्या आतून येत होता.

मशीनचा असेल, तिने स्वतःला समजावलं. सव्वातीनला दरवाजा उघडला. खूण केलेली वाटी काढली.

दोनशे चौदा.

आता गप्प बसण्यात अर्थ नव्हता. कोरी खोटी म्हणजे तिचे सगळे आकडे खोटे. तिने चारही मणी मालकांच्या टेबलावर ठेवले. मालक महिपतशेठ, साठीचा माणूस, आवाज कधी चढायचा नाही. त्याने चारही मणी तळहातावर घेतले आणि एवढंच म्हणाला, "बरं झालं सांगितलंस."

शनिवारी भट्टीवर कॅमेरा लागला. त्या दिवशीचा मणीही शेठकडे गेला.

सोमवारी संध्याकाळी शेठने तिला केबिनमध्ये बोलावलं. स्क्रीन तिच्याकडे वळवला.

"बघ."

कॅमेऱ्यात ती दिसत होती. स्टुलावर बसलेली. मग उठली. भट्टीपाशी गेली. दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि दरवाजाला कान लागेल इतकी वाकली.

तशीच उभी राहिली.

एक मिनिट... दोन... पाच...

अकरा मिनिटं.

मध्येच ती मान हलवत होती. कोणी काही विचारावं आणि आपण हो म्हणावं, तशी. ओठही हलत होते.

भावनाला आठवत होतं ते एवढंच, की ती उठली होती आणि लगेच परत बसली होती.

"कोणाशी बोलत होतीस?" शेठने विचारलं.

"मला... मला नाही माहीत, शेठ."

"आजही मणी निघाला ना?"

"हो."

"रवींद्र जवळ नव्हता. दुसरं कोणी आत आलं नाही. मग राहिलं कोण?" शेठ तिच्याकडे रोखून बघत होता. "माझा माल खिशात घालायचा आणि कोरीतून आटवून घ्यायचा. पकडली जाशील वाटलं म्हणून स्वतःच बोंब मारलीस. मीठ तूच टाकतेस, भावना."

"शेठ, माझे हात बघा ना! पूर्ण वेळ पाठीमागे आहेत."

"ते मी पाहिलं." शेठने स्क्रीन परत वळवला. "म्हणून तर अजून पोलिसांना बोलावलं नाही. दोन दिवस देतो."

त्या रात्री भावनाने आपल्या सगळ्या कपड्यांचे खिसे उलटे करून पाहिले. माणूस दुसऱ्यावर संशय घेतो तेव्हा निदान झोप तरी लागते.

मंगळवारी सकाळी रवींद्र स्वतःहून तिच्याकडे आला. मान खाली घातलेली.

"मॅडम, एक गोष्ट सांगायची राहिली. वाट्यांची."

"काय वाट्यांची?"

"आपल्या तयार वाट्या डिसेंबरात संपलेल्या. नवीन माल येईना. मग मी इथेच पाडल्या. हाडांची राख आणली बाहेरून."

"कुठून?"

"दिव्याला पंढरी म्हणून आहे एक. खाडीच्या बाजूला राहतो. त्याच्याकडून."

मूस बदलली होती, रसायनं बदलली होती, भट्टी घासली होती. वाट्या मात्र बदलल्या नव्हत्या. तिने कपाटातून जुनी, बाहेरून आलेली एक वाटी शोधून काढली आणि कोरी तिच्यात लावली.

काही उरलं नाही. वाटी स्वच्छ.

पण बाकीचे नमुनेही रवींद्रच्याच वाट्यांत लागत होते, आणि त्यांचे आकडे बरोबर येत होते. जास्तीचा मणी फक्त कोरीतच यायचा. जिथे काहीच नसायचं, तिथेच.

दोघं त्याच दुपारी दिव्याला गेले. पंढरी दारातच बसलेला, बारीक, काळजीत पडलेला माणूस. आधी म्हणाला, हाडं गुरांची. मग म्हणाला, खाटकाकडची. भावना हलेना, तेव्हा त्याचा चेहराच उतरला.

"ताई, मी तेव्हा ठाण्याच्या स्मशानात कामाला होतो. एकवीस साली. एप्रिल, मे. तुम्हाला माहीत आहे कसले दिवस होते. अस्थी न्यायलाच कोणी येत नव्हतं. येणार कसे? घरचे सगळे आजारी, नाहीतर घाबरलेले. चिठ्ठ्या भिजल्या, नंबर पुसले. सांगितलं, भरा गोणीत आणि सोडा पाण्यात."

"मग?"

"दोन गोण्या राहून गेल्या. रोज म्हणायचो, उद्या सोडतो. अडीच वर्षं तशाच. मग हे दादा राख विचारत आले..."

रवींद्र आपल्या दोन्ही हातांकडे बघायला लागला. त्याच हातांनी त्याने वाट्या पाडल्या होत्या.

भावनाचे वडील, राघो म्हात्रे, अठ्ठावीस एप्रिल २०२१ ला गेलेले. ठाण्याच्या हॉस्पिटलात. ती आणि आई दोघीही पॉझिटिव्ह, घरात बंद. तोंड बघायला मिळालं नव्हतं. पिशवीत बांधून परस्पर नेलं. अस्थींसाठी एक नंबर मिळालेला, पण पंधरा दिवसांनी गेल्यावर तिथे कोणाला काही सांगता येईना.

ती घरी आली. आईला सगळं सांगितलं. आई, बायजा, भिंतीला टेकून ऐकत होती. आवाजाचं सांगितलं तेव्हा मात्र ती ताठ झाली.

"कसा आवाज गो?"

भावनाने ओठ मिटले आणि करून दाखवला. "हं... हं..."

आईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हॉस्पिटलातून शेवटचा फोन आला तो आईने घेतला होता. तोंडावर ऑक्सिजनचा घट्ट मास्क, बोलता येत नव्हतं. ती विचारत होती, जेवलास का, बरा हायस ना, आणि पलीकडून फक्त हुंकार येत होता.

ती उठली. कपाटातली पितळी डबी काढली. डबीत कापसात गुंडाळलेला सोन्याचा बारीक तुकडा होता.

"माजे पाटलीचा तुकडा. कापून ठेवलेला तवा. तुज्या बापाच्या तोंडान घालाचा होता. घालाला मिलला नय."

माणूस गेला की तोंडात तुळशीपत्र आणि सोनं ठेवायचं. आईने तुकडा तयार ठेवला होता. माणूसच आला नाही.

भावनाने दुसऱ्या दिवशी तो तुकडा काट्यावर ठेवला. रवींद्र शेजारी उभा होता. शेठही येऊन उभा राहिला.

आकडा थरथरला... आणि थांबला.

दोनशे चौदा.

शेठने सहाही मणी खिशातून काढले आणि तुकड्याशेजारी ठेवले. त्याचा हात लगेच मागे गेला, चटका बसल्यासारखा.

"तुझ्या घरचं आहे हे," तो म्हणाला. "घेऊन जा. राखही घेऊन जा. सगळी."

उरलेल्या वाट्या, फुटलेल्या वाट्यांची राख, पंढरीकडची दुसरी गोणी, सगळं त्यांनी टेम्पोत भरलं, घरून आईला बरोबर घेतलं. वाटेत भावना आईला म्हणाली, "आय, बाबा यातले कोणते, कसं कळणार?"

आई म्हणाली, "नको कलू दे. सगल्यांनाच सोड."

खाडीवर भरती होती. आईने पाटलीचा तुकडा आणि सहा मणी राखेत मिसळले आणि राख पाण्यात सोडली. सुरुवातीला राख तरंगली. मग एकदम, कोणी खालून ओढावी तशी, आत गेली.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या नव्या, सीलबंद वाट्या आल्या. कोरी स्वच्छ निघाली. त्याच्या पुढच्या दिवशीही. शेठने तिची माफी मागितली नाही, पण पोलिसांचं नाव पुन्हा काढलं नाही आणि कॅमेरा उतरवला. आई बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

एकोणीस दिवस असे गेले.

विसाव्या दिवशी, सव्वातीनला, भावनाने कोरीची वाटी काढली.

आत मणी होता.

सत्त्याऐंशी मिलिग्रॅम.

तिने वाटी पाहिली. नवी. कंपनीचा शिक्का असलेली. त्या राखेचा कणही आता गाळ्यात नव्हता.

मग भट्टीतून आवाज आला. ओठ मिटलेला...

या वेळी बाईचा.

दोन दिवस तीच. सत्त्याऐंशी, सत्त्याऐंशी. मग ती थांबली आणि एकशे चाळीस सुरू झालं. तो आवाज म्हाताऱ्याचा होता, धाप लागलेला.

भावनाने आईला सांगितलं. आईने रिकामी पितळी डबी उघडून पाहिली. मग म्हणाली, "तुजे बापाला मिलला. बाकीच्यांना नय मिलला. कोनाकोनाच्या घरान डबीन पडला असंल, काय म्हाईत."

शेठ म्हणाला, नोकरी सोड, दुसरीकडे लावून देतो. तिने सोडली नाही. आपल्या जागी नवा माणूस आला तर तो मणी भंगारात टाकेल, अशी तिला भीती वाटते.

सुट्टीच्या दिवशी ती काटा घेऊन निघते. डोंबिवली, कल्याण, ठाणे. एकवीस साली ज्यांच्या घरी कोणी गेलं त्यांचा पत्ता काढते आणि दारात उभी राहून विचारते, तुम्ही तेव्हा सोन्याचा तुकडा काढून ठेवला होता का? मला फक्त वजन करायचं आहे.

लोक दार लावून घेतात. आजकाल कोण विश्वास ठेवणार? कल्याणला एका सोसायटीत वॉचमनने तिला गेटबाहेर काढलं. एकाने तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, सोनं लुबाडणारी बाई, सावध राहा.

पंधरा महिन्यांत एकही वजन जुळलेलं नाही.

वजनं आणि आवाज ती एका वहीत लिहून ठेवते. सत्त्याऐंशी, बाई. एकशे चाळीस, म्हातारा. तीनशे दोन, पुरुष, खोकतो.

सगळ्यात हलका मणी अठरा मिलिग्रॅमचा आहे. गेल्या आठवड्यापासून तोच येतोय.

त्याच्यासमोर भावनाने काही लिहिलेलं नाही. तो आवाज कसा आहे, हे ती कोणालाच सांगत नाही.

फक्त भट्टीसमोर बसते तेव्हा हल्ली ती हळू आवाजात अंगाईसारखं काहीतरी गुणगुणते, असं रवींद्र सांगतो.