जो डबा बोलत नव्हता

शटर अर्धं खाली ओढा आणि बसा. मघाशी त्या गिऱ्हाइकावर मी का खेकसलो, ते विचारत होतात ना? "एअरबॅग नको, नुसता डॅशबोर्डवरचा दिवा घालवायचं काहीतरी द्या," म्हणाला. मी सुटे भाग विकतो, लबाडी नाही. आता ऐका. माझ्या सख्ख्या मेहुण्याच्या बाबतीत घडलेलं आहे, ऐकीव नाही.

मेहुणा गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतो. डोकं पटकन उडतं, म्हणून बाजारात त्याला सगळे फ्यूज म्हणतात. त्याच्या बहिणीशी संसार केलाय मी, मला विचारा! तर मार्चमधला शेवटचा शनिवार. रात्री अकराच्या सुमारास जुन्या गाड्या विकणाऱ्या शेठचा त्याला फोन आला. "एका गाडीचा एअरबॅगचा दिवा जात नाही. सकाळी गिऱ्हाईक येतंय. लगेच ये." फ्यूज हत्यारांची पेटी आणि स्कॅनर घेऊन निघाला.

शेठच्या शेडमध्ये ती एकच गाडी उभी. पॉलिश अशी की तोंड बघावं.

"कोण घेतंय?" फ्यूजने विचारलं.

"एक नर्सबाई. म्हाताऱ्या आईला शेजारी बसवून दवाखान्यात ने-आण करायचीय तिला. तू हात चालव."

आता गाडीत काय असतं बघा. इंजिनचा एक डबा, म्हणजे छोटा कॉम्प्युटरच, ब्रेकचा एक, एअरबॅगचा एक. पिळलेल्या दोन तारांवरून हे डबे सतत एकमेकांशी बोलत असतात. एक गप्प झाला की बाकीचे बोंब मारतात आणि दिवा लागतो. फ्यूजने स्कॅनर लावला. इंजिनचं उत्तर आलं. ब्रेकचं आलं. एअरबॅगचा डबा गप्प. त्याने तारा मोजल्या, ठीक. डब्याला करंट येत होता, ठीक. सगळं ठीक असून डबा बोलायला तयार नाही.

मग त्याने ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोरचा डॅशबोर्ड उघडला. एअरबॅगच्या जागी वर्तमानपत्राचे बोळे. आणि प्लगमध्ये शेंगदाण्याएवढा रेझिस्टर खोचलेला, डब्याला वाटावं की एअरबॅग जागेवर आहे.

फ्यूज उडाला.

"शेठ, ही गाडी ठोकलेली आहे! इथे माणूस बसणार आहे, माणूस! कागद भरताय?"

"आवाज खाली. लिलावात घेतलीय मी. कोण बसलं होतं, काय झालं, मला काय माहीत?"

"माझ्या दाजींच्या दुकानात नवी एअरबॅग पडून आहे. बसवा."

"मग मला काय उरणार? दिवा घालव. तू नाही तर दुसरा घालवेल."

फ्यूजने पक्कड जमिनीवर आपटली. इतक्यात…

टिंग. टिंग. टिंग.

बेल्टची सूचना. शेजारच्या सीटवर कुणी बेल्ट न लावता बसलं की वाजते ती. सीट रिकामी होती.

"हा पण फॉल्ट काढ," शेठ म्हणाला.

फ्यूजने सीटखालचा प्लग काढला. टिंग. टिंग. मग बॉनेट उघडून बॅटरीची तार सोडवली. एअरबॅगच्या कामात एक नियम आहे. बॅटरी तोडली की थांबायचं, आत साठलेला करंट उतरू द्यायचा. स्कॅनर विझला. फ्यूज थांबला. चांगला थांबला.

टिंग. टिंग.

"वायरिंगचा दोष आहे," शेठ म्हणाला. आवाज बारीक झाला होता.

"वायरिंगला करंट लागतो, शेठ. तार माझ्या हातात आहे."

"गप! नाटकं करतोस? नर्सबाईला घाबरवायचा बेत आहे तुझा!" शेठ तावातावाने पुढे झाला. "हा बघ, मीच बसतो!" आणि त्याच सीटवर बसून त्याने दार आपटलं.

टिंग बंद झालं.

खटाक्.

चारही लॉक बसले. बॅटरी तोडलेल्या गाडीत.

शेठ ओरडला असावा. तोंड उघडं होतं, आवाज नव्हता. पाठ सीटला चिकटलेली. फ्यूजने दार ओढलं. हलेना. पान्याने काच ठोकली. फुटेना. आतून शेठ नुसता बघत होता… समोर नाही. खाली. स्वतःच्या मांडीकडे.

"शेठ! गाडी विकणार का? बोला! विकणार?"

शेठने मान हलवली. नाही… नाही…

खटाक्.

दार उघडलं. शेठ बाहेर कोसळला. मग त्या अवस्थेतच शेठने नर्सबाईला फोन लावला. "गाडी देत नाही," एवढंच म्हणाला. गाडी त्याने भंगारवाल्याकडे नेऊन, स्वतः समोर उभं राहून कटरने कापून घेतली.

शेठ मागच्या आठवड्यात इथे आला होता. तुम्ही बसलात ना, तिथेच बसला. मी विचारलं नव्हतं, त्यानेच शर्टाची बटणं काढली. अंगावर तिरका काळानिळा पट्टा. बेल्टएवढा रुंद. त्या रात्री बेल्ट त्याने लावलाच नव्हता. दाराजवळच्या खांबात तसाच गुंडाळलेला होता, फ्यूजने पाहिलाय.

डॉक्टर म्हणतात, जाईल. गेलेला नाही.

आणि पट्ट्याचं वरचं टोक… खांद्यावर नाही. खाली, बरगड्यांवर आहे. शेठच्या मांडीवर बसलेल्या लहान मुलाचा खांदा येईल ना… तिथे.