वस्ती नसलेली जागा

मी काय काम करते असं कुणी विचारलं, की मी सांगते, समुद्राच्या तळाची शिरगणती करते. लोक हसतात. पण काम खरंच तेच आहे. ध्रुवाकडच्या समुद्रात, बर्फाच्या थराखाली, जहाजावरून कॅमेरा सोडतात. तो तळाचे फोटो काढत जातो. त्या फोटोंत तारामासे कुठे आहेत, स्पंज कुठे, लांब पायांचे समुद्रकोळी कुठे, हे बघून मी नकाशावर ठिपके मांडते. प्रत्येक जातीला तिचा रंग. तिथे नुसती थंडी आणि ओसाडी असेल असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात तळावर इतकी दाटी असते, की पाय ठेवायला जागा सापडणार नाही.

त्या दुपारी मी यंदाचे आणि जुन्या मोसमांचे नकाशे शेजारी शेजारी ठेवून बघत होते. अहवालासाठी रंग जुळवायचे होते, एवढंच. तेव्हा यंदाच्या नकाशात ती जागा दिसली. भर वस्तीत एक छोटा कोरा तुकडा. एकाही जातीचा एकही ठिपका नाही.

“कॅमेऱ्याची काच पुसली होती का?” आमच्या सरांनी विचारलं. कुठलीही अडचण नेली की ते आधी हेच विचारतात.

काच स्वच्छ होती. मी मागच्या मोसमाचा नकाशा काढला. त्यातही कोरा तुकडा होता, पण जरा आत, बर्फाच्या बाजूला. त्याच्या आधीच्या मोसमात आणखी आत. तो सरकत होता. मागे सोडलेल्या जागेत तारामासे परत येत होते आणि पुढची जागा रिकामी होत होती. सरकायची दिशाही ठरलेली, बर्फाच्या कडेकडे, मोकळ्या पाण्याकडे. अगदी पहिल्या नकाशात तो जिथे होता ती जागा मला पाठ होती. माझा दादा तिथेच पाण्यात उतरला होता.

दादा पाणबुड्या होता. बर्फाला भोक पाडून, कमरेला दोर बांधून खाली जायचा आणि आमच्यासाठी नमुने आणायचा. एकदा दोर वर आला, दादा आला नाही. दोर तुटलेला नव्हता, कापलेलाही नव्हता. गाठ सोडलेली होती. जाड हातमोजे घालून ती गाठ सुटत नाही, असं तिथले सगळे सांगतात.

तेव्हापासून वहिनी आणि मी एकत्र राहतो. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. दुकानाचे मालक सज्जन, एकटे. त्यांनी तिला लग्नाचं विचारलं होतं. “काय करू गं?” असं ती भाजी चिरताना, कपडे घडी करताना, मधेच विचारायची. मी म्हणायचे, “हो म्हण.” ती हो म्हणायच्या बेतात होती. म्हणून नकाशाचं मी तिला काही सांगितलं नाही. कामासाठी जहाजावर जातेय, एवढंच सांगून निघाले.

तिकडे त्या दिवसांत सूर्य मावळत नाही. भीतीसाठी अंधार लागतो असं मला तोवर वाटायचं. तिथे सगळं लख्ख होतं. पाणी, बर्फ, डेकवरचा एकेक खिळा. जहाजाचा तांडेल, खलाशांचा म्होरक्या, जुना माणूस. दादाचा दोर त्या दिवशी याच्याच हातात होता. मला बघून तो फक्त म्हणाला, “चहा घ्या ताई, हात गरम होतील.”

कोरा तुकडा यंदा जिथे होता, बरोबर त्या जागेवर आम्ही कॅमेऱ्याचा पिंजरा सोडला. मी पडद्यासमोर बसले. आधी नेहमीची गर्दी दिसली. मग एक कड आली. अंगण झाडावं तशी स्वच्छ. कडेच्या पलीकडे नुसता करडा गाळ, आणि अलीकडे तारामासे एकमेकांच्या अंगावर चढलेले, जणू मागच्यांनी पुढच्यांना ढकललं होतं. पाण्यातला मायक्रोफोन चालू होता. एरवी त्यात बर्फाची कुरकुर असते, लांबवरच्या सीलची शीळ असते. इथे काही नव्हतं. दार लावून घेतलेल्या खोलीत असते तशी शांतता.

“ताई, जरा बाहेर या.”

तांडेलाने पिंजऱ्याच्या तारेवर हात ठेवला होता. त्याने माझा हात ओढून आपल्या हाताशेजारी ठेवला. तार थरथरत होती. मग एक लांब ओढ आली. मग लागोपाठ आखूड.

“हा पाणबुड्यांचा इशारा आहे,” तो हळू म्हणाला.

“कसला?”

“वर घ्या म्हणून.”

“प्रवाह असेल…”

“प्रवाहाला आमचे इशारे कोण शिकवणार?” तो माझ्याकडे न बघता बोलत होता. “त्या दिवशी मी याचीच वाट बघत उभा होतो. आला नाही. आज आलाय… काय करू, तुम्ही सांगा.”

त्या क्षणी काय बोलायला हवं होतं ते मला माहीत आहे. जागेची नोंद करायची, पिंजरा तिथेच सोडायचा आणि जहाज वळवायचं. इतके प्राणी ज्याच्यापासून लांब पळतात, ते वर ओढू नये, एवढी अक्कल मला होती. पण तार पुन्हा हलली. तशीच, घाई नसलेली, सभ्य. दादा दारावर टकटक करायचा तशी.

“घ्या,” मी म्हणाले.

तार गुंडाळणारं विंच कण्हायला लागलं. पिंजरा हलका असतो, दोन माणसं मिळून उचलतात. पण त्या दिवशी जहाज एका अंगाला झुकलं. पृष्ठभागाजवळ आल्यावर मात्र वजन एकदम गेलं आणि पिंजरा झोके खात वर आला. आत कॅमेऱ्याशिवाय काही नाही. गाळ नाही, शेवाळ नाही. नेहमीचा खारट, कुजकट वासही नाही. त्याऐवजी रबर आणि पावडरीचा वास आला. पाणबुडे पोशाख अंगावर चढवताना पावडर लावतात, तो.

तेवढ्यात तांडेल एक पाऊल बाजूला सरकला. अरुंद बोळात समोरून कुणी आलं, की आपण त्याला वाट देतो ना, तसा.

“का सरकलात?”

तो आपल्या पायांकडे बघत राहिला. “काय माहीत. सवयीनं.”

पुढच्या मोसमाच्या फोटोंत तो कोरा तुकडा कुठेच नव्हता. सगळा तळ भरलेला, रंगीत. सर खूश झाले. “बघा, काच पुसली की सगळं दिसतं.” मीही हसले. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. दादा त्या गाळातून सुटला, असं मी मनाशी धरून चालले.

आमच्या इमारतीत कबुतरांचा फार त्रास आहे. सगळ्यांनी जाळ्या लावल्यात, तरी ती बाहेरून कठड्यावर बसतातच. मध्यंतरी शेजारीण म्हणाली, “तुमची गॅलरी बरी स्वच्छ असते हो. काय करता?” आम्ही काहीच करत नव्हतो. वरच्या आणि खालच्या मजल्यावर कबुतरं दाटीवाटीनं बसलेली असायची. आमचा कठडा तेवढा मोकळा.

वहिनी म्हणाली, “बरं झालं. झाडायचा ताप वाचला.” ती अलीकडे मजेत असायची. कामावरून लवकर यायची. एका संध्याकाळी ताटं मांडताना तिने सहज सांगितलं, “दुकानातल्यांना मी नाही म्हणून कळवलं.”

“का गं? तू तर हो म्हणणार होतीस.”

“असंच.” तिने पाण्याचा तांब्या पुसला. “आता एकटं वाटत नाही मला.”

मी तिच्या हातून तांब्या घेतला. तिचा हात माझ्या हाताला लागला. बर्फासारखा गार होता.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर मला जे येतं तेच मी केलं, शिरगणती. घरभर, सगळ्या खोल्यांत, थोडी थोडी साखर टाकली. मुंग्यांना आमच्या घरात कधीच तोटा नव्हता. दुपारपर्यंत स्वयंपाकघरातली साखर गेली, माझ्या खोलीतली गेली. मुंग्यांच्या रांगा इकडून तिकडे चालल्या होत्या. फक्त वहिनीच्या खोलीच्या दाराबाहेर, एक माणूस उभा राहील एवढ्या जागेत, साखर जशीच्या तशी होती. रांगा तिथे येऊन वळसा घालून पुढे जात होत्या.

मी सगळं झाडून घेतलं. संध्याकाळी वहिनीला म्हणाले, “रात्री दाराला आतून कडी लावत जा ना.”

“कशाला?” तिने माझ्याकडे नवल करत पाहिलं. “घरात आपलीच तर माणसं.”

आज ती गेल्यावर मी पुन्हा साखर टाकली. दाराबाहेरची मुंग्यांनी खाल्ली आहे. आतली, पलंगाच्या कडेची, तशीच आहे.